एस-वन आला, आता पुढे काय? ब्रिटनची पेन्शन घेऊन युरोपात स्थायिक होणाऱ्या आपल्या मंडळींसाठी

एस-वनची कागदपत्रं आणि नोंद करून देण्याचं काम आम्ही करतो. आमच्याकडे येणारे बहुतेक फोन एकाच प्रश्नाचे असतात: "एस-वन फॉर्म कधीच घरी आला, तरी इथला दवाखाना आमच्याकडे पैसे का मागतोय?"

कारणही बहुतेक वेळा एकच निघतं. फॉर्म आला, फाइलला लागला आणि तिथेच राहिला. एस-वन म्हणजे आरोग्य कार्ड नव्हे. या व्यक्तीच्या उपचारांचा खर्च आम्ही सोसू, अशी ब्रिटनने दुसऱ्या देशाला दिलेली ती लेखी हमी आहे. ती तुमच्या राहत्या देशाच्या दप्तरात चढत नाही तोवर तिथल्या डॉक्टरच्या लेखी तुम्ही विमा नसलेले परदेशी असता. फॉर्म मिळवणं हे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं राहून जातं आणि नेमकं ऑपरेशनच्या तोंडावर लक्षात येतं.

आमचे सर्वाधिक ग्राहक स्पेनमध्ये आहेत, म्हणून तिथला क्रम नीट सांगतो. आधी पालिकेत जाऊन रहिवासी नोंद करायची, तिला तिथे 'पाद्रोन' म्हणतात. मग आयएनएसएस, म्हणजे सामाजिक सुरक्षा खात्याच्या कार्यालयाची अपॉइंटमेंट घ्यायची. तिथे एस-वन, पासपोर्ट, परदेशी नागरिकाचा क्रमांक किंवा कार्ड आणि पाद्रोनचा दाखला दाखवायचा. ते तुमचा आरोग्यसेवेचा हक्क नोंदवून तसा कागद देतात. तो कागद घेऊन मगच घराजवळच्या आरोग्य केंद्रात जायचं. तिथे डॉक्टर नेमून मिळतो आणि कार्डाचा अर्ज होतो.

आपली माणसं नेमकी उलटी जातात. आरोग्य केंद्र चार पावलांवर असतं, म्हणून एस-वन घेऊन थेट तिथेच रांगेत उभी राहतात. खिडकीवरची बाई इंग्रजी फॉर्म बघते आणि परत पाठवते. त्यात तिची काहीच चूक नाही, तो फॉर्म तिच्यासाठी नसतोच. मग आयएनएसएसची अपॉइंटमेंट नव्याने शोधायची, आणि समुद्रकाठच्या गावांत ती पटकन मिळत नाही. तेव्हा हा क्रम मोडू नका.

कार्ड मिळाल्यावर एक गोष्ट जरूर तपासा. औषधाच्या चिठ्ठीवर 'टीएसआय' या अक्षरांपुढे एक आकडा छापलेला असतो. पेन्शनर म्हणून नोंद बरोबर झाली असेल, तर सर्वसाधारण उत्पन्नाच्या माणसाला तिथे ००२ दिसतो. म्हणजे औषधाच्या किमतीच्या १० टक्के तुमचे, तेही दरमहा ठरावीक मर्यादेपर्यंत. ००३ किंवा ००४ दिसला, तर तुमची नोंद नोकरदारात झाली आहे आणि तुम्ही ४० किंवा ५० टक्के भरताय. रोजच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या असतील तर वर्षाकाठी हा फरक चांगलाच जाणवतो. अशी नोंद दुरुस्त करून घेता येते.

फ्रान्समध्ये एस-वन सीपीएएमकडे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य विमा कार्यालयाकडे द्यायचा, तिथून 'कार्त व्हिताल' हे आरोग्य कार्ड मिळतं. डॉक्टरच्या ठरलेल्या दराच्या साधारण ७० टक्के परत मिळतात आणि उरलेल्यासाठी लोक पूरक विमा घेतात. पोर्तुगालमध्ये आधी सामाजिक सुरक्षा कार्यालय, मग आरोग्य केंद्र आणि तिथे 'उतेंत', म्हणजे रुग्ण क्रमांक. देश बदललात तर जुना एस-वन चालत नाही, नवा मागावा लागतो.

आता नावाबद्दल. आपल्या नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं. स्पॅनिश फॉर्मवर आडनावाचे दोन रकाने असतात, त्यामुळे मधलं नाव पहिलं आडनाव होऊन बसतं. त्यात पेन्शनची नोंद माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने आणि बँकेत नुसती आद्याक्षरं असली की एकाच बाईंच्या तीन व्यक्ती होतात. म्हणून आम्ही सुरुवातीलाच विवाहाचा दाखला मागतो. काहींना ती उगाच कटकट वाटते, पण अर्ज करण्यापूर्वी नावं जुळवून घेतली की पुढचे हेलपाटे वाचतात. इथे आम्ही तडजोड करत नाही.

एस-वन कोणाला मिळतो? ब्रिटनची सरकारी स्टेट पेन्शन प्रत्यक्ष सुरू झालेल्यांना, आणि तिथलेच काही विशिष्ट सरकारी भत्ते घेणाऱ्यांना. कंपनीची किंवा खासगी पेन्शन कितीही भक्कम असली तरी तिच्यावर मिळत नाही. स्टेट पेन्शनचं वय ६६ होतं, एप्रिल २०२६ पासून ते टप्प्याटप्प्याने ६७ होत आहे. नव्या पेन्शनसाठी नॅशनल इन्शुरन्सची, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या सरकारी वर्गणीची, साधारणपणे किमान १० वर्षं लागतात. साठीलाच निवृत्त होऊन स्पेनला गेलेल्यांनी खासगी विमा घ्यावा. तिथे वर्षभर राहून झाल्यावर 'कोन्व्हेनियो एस्पेसियाल' ही सरकारी योजना घेता येते. तिचे ६५ वर्षांखाली महिना ६० युरो आणि त्यापुढे १५७ युरो पडतात, पण औषधांवरची सवलत त्यात नाही. आणि राहत्या देशाचीच पेन्शनही तुम्हाला मिळत असेल, तर जबाबदारी त्या देशाची. मग ब्रिटन एस-वन देत नाही.

ब्रेक्झिटनंतर हे सगळं बंद झालं, असं अजूनही कानावर येतं. तसं झालेलं नाही. १ जानेवारी २०२१ नंतर युरोपियन युनियनमध्ये गेलेल्या पेन्शनरांनाही एस-वन मिळतो.

"पस्तीस वर्षं कर भरला, मग एनएचएसवर आमचा हक्क नाही का?" हा प्रश्न तळमळीने विचारला जातो आणि ती तळमळ आम्हाला समजते. पण एनएचएसचा, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा, मोफत उपचार भरलेल्या करावर किंवा पासपोर्टवर अवलंबून नसतो. तुम्ही सध्या कायमचे कुठे राहता, यावर तो ठरतो. कायमचं परत आलात की तो पुन्हा मिळतो. नुसत्या फेरीवर आलेल्यांचा हक्क मात्र ते कोणत्या वर्षी परदेशी गेले आणि एस-वन आहे की नाही, यानुसार बदलतो. तेव्हा तिकीट काढण्याआधी आम्हाला विचारा.

जीएचआयसी हे प्रवासात उपयोगी पडणारं ब्रिटनचं आरोग्य कार्ड वेगळं. ते राहत्या देशासाठी नाही, तिथून दुसऱ्या युरोपीय देशात फिरायला गेलात तर कामाला येतं. हिवाळ्यात पुण्याला किंवा कोल्हापूरला लग्नकार्याला जाता, तिथे ना एस-वन चालतो ना जीएचआयसी. प्रवास विमा घ्या आणि जुने आजार त्यात न लपवता लिहा.

कायमचं भारतात परतणाऱ्यांना आम्ही पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगतो: ब्रिटनचा भारताशी आरोग्यसेवेचा असा करार नाही, त्यामुळे तिथे एस-वनचा उपयोग नाही. शिवाय भारतात राहणाऱ्यांची स्टेट पेन्शन दरवर्षी वाढत नाही, आहे त्या रकमेवर थांबते. स्विंडन किंवा साउथॉलच्या गोंयकार मंडळींना वाटतं, पोर्तुगीज पासपोर्ट आहे म्हणजे सगळं मिळेल. एस-वन पासपोर्ट बघत नाही. पेन्शन कोण देतं आणि तुम्ही राहता कुठे, एवढंच बघतो. पेन्शन ब्रिटनची आणि घर पोर्तुगालमध्ये असेल तर एस-वन मिळेल, घर मडगावला असेल तर नाही.

फॉर्म तर सरकार फुकट देतं, मग तुम्ही पैसे कशाचे घेता, असंही विचारतात. फॉर्मचे आम्ही घेत नाही. ज्यांना इंग्रजी आणि तिथली भाषा जमते त्यांनी स्वतःच करावं, पहिल्या फोनवर आम्ही क्रम फुकट सांगतो. आमची फी नावं जुळवणं, कागदांची भाषांतरं, अपॉइंटमेंट आणि खिडकीवर तुमच्याबरोबर उभं राहणारं माणूस यासाठी आहे. नोंद होऊन कार्डाचा अर्ज लागेपर्यंत आम्ही फाइल बंद करत नाही.

येताना पेन्शन मंजुरीचं पत्र, पासपोर्ट, नॅशनल इन्शुरन्स क्रमांक, विवाहाचा दाखला आणि राहत्या पत्त्याचा पुरावा आणा. मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही, प्रती काढून लगेच परत देतो. जोडीदाराची पेन्शन अजून सुरू झाली नसेल तर त्यांचेही कागद आणा. तुमच्यावर अवलंबून म्हणून त्यांची नोंद होऊ शकते का, ते त्याच बैठकीत पाहता येईल.