मिल-फय
मिल-फय हे फ्रेंच पक्वान्न आहे. पापुद्रेदार पेस्ट्रीचे तीन थर आणि त्यांच्यामध्ये घट्ट कस्टर्डचे दोन, अशी त्याची रचना. व्हँसाँ ला शापेल या फ्रेंच आचाऱ्याच्या १७३३ साली इंग्रजीत निघालेल्या पाकग्रंथात हे नाव आढळते. रशियात या प्रकाराला ‘नेपोलियन’ म्हणतात; नेदरलँड्समधला त्याचा भाऊबंद म्हणजे गुलाबी आयसिंगचा ‘टोमपूस’.

नावाचा अर्थ ‘हजार पाने’. हिशेब केला तर लोणी गुंडाळलेल्या पिठाला तीनपदरी घडी सहा वेळा घातल्यावर लोण्याचे थर भरतात ७२९. पण हजार म्हटले तर कोण मोजायला बसतो!

मैदा, मीठ आणि पाण्याच्या गोळ्यात थंड लोण्याची चपटी वडी गुंडाळून लाटतात, घडी घालतात, पुन्हा लाटतात. दर दोन घड्यांनंतर पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवतात. लोणी वितळले तर पिठात मुरते. फार कडक राहिले तर लाटताना त्याचे तुकडे पडतात. दोन्हीकडून पदर सुटत नाहीत. चिरोटे करणाऱ्याला साट्याची ही नाजूक बाब सांगायला नको. फरक इतकाच, की इथे तळण नाही. ओव्हनमध्ये पाण्याची वाफ होऊन पदर उचलले जातात. आणि इतक्या खटपटीनंतर पेस्ट्री मनासारखी फुगू देत नाहीत! वर दुसरा ट्रे ठेवून ती दाबूनच भाजतात. शेवटी भुरभुरलेली पिठीसाखर वितळून काचेसारखी चढते आणि क्रीमचा ओलावा काही वेळ थोपवते.

क्रीमसाठी अर्धा लिटर दूध, चार बलक, १०० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम कॉर्नफ्लोअर आणि व्हॅनिला पुरते. मिश्रण घट्ट झाले म्हणून लगेच उतरवू नये. एक-दोन मिनिटे ढवळत रटरटू द्यावे. नाहीतर बलकातले अमायलेज हे विकर स्टार्च तोडते आणि रात्रीतून क्रीम पातळ होते. साय धरू नये म्हणून प्लॅस्टिकचा कागद क्रीमला चिकटवूनच झाकतात.

वर पांढरे फॉन्डंट, म्हणजे साखरेचे दाट आयसिंग, ओतून त्यावर चॉकलेटच्या रेघा मारतात. ओल्या असतानाच सुरीचे टोक आडवे, एकदा इकडून एकदा तिकडून ओढले की पिसासारखी नक्षी उमटते. घरी नुसती पिठीसाखरही चालते.

रचलेले मिल-फय काही तासांतच मऊ पडते. वरून सुरी दाबली तर क्रीम बाजूंनी बाहेर येते, म्हणून घरी पेस्ट्रीचे तुकडे आधी करवती सुरीने कापावेत आणि वाढायच्या सुमारास रचावेत. खाताना तुकडा ताटलीत आडवा पाडला की काटा पदरांच्या मधून सरळ जातो.