माळरानावरून कढईकडे: बायोडिझेल धोरणाची पार्श्वभूमी

बायोडिझेल बनवणं फार अवघड नाही. वनस्पती तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून तापवलं की ग्लिसरीन खाली बसतं, वर इंधन राहतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात केमिकल कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. अडलं ते तेलापाशी. इतकं तेल आणायचं कुठून?

2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीनं उत्तर दिलं, मोगली एरंड, म्हणजे तेलाच्या बिया देणारं जट्रोफाचं झाड. 112 लाख हेक्टरांवर लागवड आणि 2011-12 पर्यंत डिझेलमध्ये 20 टक्के मिश्रण, असा तो बेत होता. त्याआधी 31 डिसेंबर 2002 ला अमृतसर शताब्दी 5 टक्के बायोडिझेलवर धावली होती, त्यामुळे उत्साह होताच. कोकणात हे झाड कुंपणाला लावतात, कारण गुरं त्याला तोंड लावत नाहीत. खडकाळ जमिनीत, पाण्याविना ते जगतं हे खरं. पण जगणं वेगळं आणि भरपूर बी धरणं वेगळं. केंद्रानं 2006 पासून लिटरला 25 रुपये खरेदीदर दिला, तो उत्पादनखर्चालाही पुरेना. ज्यांनी भरवशावर लागवड केली, त्या शेतकऱ्यांचं नुकसान कुणी मोजलं नाही, याची मला आजही चीड येते. बरेच कारखाने पुढे आयात केलेल्या पाम स्टिअरिनकडे, म्हणजे पाम तेलाच्या घट्ट भागाकडे वळले.

2015 मध्ये रेल्वे, एसटी महामंडळांसारख्या मोठ्या ग्राहकांना थेट विक्रीची मुभा मिळाली. 2019 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी किरकोळ विक्रीही खुली केली. नोंदणी आणि तपासणी मात्र राज्यांवर आली. त्या काळात गुजरात-महाराष्ट्रात हायवेलगत बायोडिझेलची पाटी लावून बेस ऑइल (वंगणाचं मूळ तेल) आणि सॉल्व्हंटची मिश्रणं विकली गेली. ट्रकवाल्यांच्या मनात या नावाबद्दल अढी बसली ती अशी. महाराष्ट्रानं 2021 मध्ये उत्पादन, साठवणूक, पुरवठा आणि विक्रीचं धोरण आणलं, त्यामागे हेही कारण होतं.

दरम्यान तेलाचा शोध स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला होता. 1 जुलै 2018 पासून तळणाच्या तेलात 25 टक्क्यांहून जास्त पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं तयार होणारे) असतील तर ते खाण्यासाठी वापरता येत नाही. दिवसाला 50 लिटरहून जास्त तेल लागणाऱ्यांना मार्च 2019 पासून नोंदही ठेवावी लागते. महापे-रबाळ्यातली कँटीन, वाशी-नेरुळची हॉटेलं, ठाण्यातले फरसाणवाले यांच्याकडून डबे उचलणं त्यामानानं सोपं. वडापावच्या गाडीवर उरणारं तेल थोडंसं, आणि तिथं अनेकदा मोठ्या हॉटेलातलंच काळं तेल स्वस्तात येऊन पडतं. तेल गोळा करणाऱ्यानं हॉटेलला या गाडीवाल्यापेक्षा जास्त भाव दिला, तरच डबा बायोडिझेलच्या टाकीकडे वळतो. 2030 पर्यंतचं राष्ट्रीय उद्दिष्ट आता 5 टक्के मिश्रणाचं आहे. प्रत्यक्षातलं मिश्रण अजून एक टक्क्याच्याही आतच घुटमळतं आहे.