चिमूटभर मीठ, मूठभर गूळ: ओआरएस घराघरात पोचलं कसं

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने एक आदेश काढला. ओआरएस म्हणजे जुलाबात गेलेलं पाणी भरून काढायला पाजायचं क्षार आणि ग्लुकोजचं पाणी. फळांच्या रसाच्या किंवा इतर कुठल्याही पेयाच्या नावात 'ओआरएस' ही अक्षरं वापरायची नाहीत, पुढे-मागे दुसरा शब्द जोडूनही नाहीत. त्याआधी २०२२ आणि २०२४ च्या आदेशांनुसार असं नाव चालत होतं. अट एवढीच होती की, 'हे जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेलं ओआरएस नाही' असं लेबलवर छापायचं. म्हणजे खोक्याच्या तोंडावर ठळक अक्षरांत ओआरएस, आणि ते ओआरएस नसल्याचा खुलासा बारीक अक्षरांत. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष या लेबलांविरुद्ध सुमारे आठ वर्षं लढत होत्या.

मुलाला दिवसभर जुलाब होत असतात. आई रात्री नऊला मेडिकलच्या काउंटरवर उभी असते, हातात मूल, मागे रांग. ती "ओआरएस द्या" म्हणते आणि दुकानदार देईल ते घेऊन घरी पळते. बारीक अक्षरं कोण वाचणार? पण तिच्या तोंडी ती अक्षरं आहेत, ही गोष्ट साधी नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही आज ओआरएस माहीत असतं. हा शब्द आणि त्यामागची कृती लोकांपर्यंत पोचवायला जितके कष्ट पडले, तितके बहुधा ते औषध शोधायलाही पडले नसतील. त्या कष्टांची ही हकीकत.

कॉलऱ्याला आपल्याकडे पटकी म्हणत. गावात पटकी शिरली की मरीआईचा गाडा निघायचा आणि वेशीबाहेर नेऊन सोडला जायचा. पटकीत माणूस मरतो तो पाणी संपल्यामुळे. काही तासांत अंगातलं पाणी आणि क्षार निघून जातात, डोळे खोल जातात, नाडी लागत नाही. क्षार आणि पाणी कमी होतं हे १८३१ मध्ये विल्यम ओ'शॉनेसी या तरुण आयरिश डॉक्टरने रुग्णांचं रक्त तपासून दाखवलं. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या लीथ इथे टॉमस लाटाने शिरेतून खारं पाणी दिलं. सलाईनची सुरुवात तिथली. पण सलाईनला निर्जंतुक बाटली लागते, सुई लागते, शीर शोधणारा हात लागतो, आणि यातलं काहीच खेड्यात नव्हतं. खेड्यात होता तो एक पक्का समज: जुलाब लागले की पाणी तोडायचं. वरून दिलं की खालून जातं.

या समजाला अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही. आईला तेच दिसत होतं. पाणी पाजलं की पोर पुन्हा जुलाब करायचं.

खरं कारण आतड्याच्या अस्तरात होतं. जुलाबाने बिघडलेलं आतडं नुसतं मिठाचं पाणी नीट शोषत नाही. मिठासोबत ग्लुकोज असेल तर मात्र अस्तरातलं एक दार उघडतं. दोघं जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. कॉलऱ्यातही हे दार शाबूत असतं. साखर बेताचीच हवी, कारण जास्त झाली तर पाणी उलट आतड्यात उतरतं आणि जुलाब वाढतात. गोड पेयांच्या खोक्यांवरचा सगळा वाद या एका गोष्टीवर उभा आहे.

कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जींनी १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १८६ रुग्णांना तोंडावाटे मीठ-ग्लुकोजचं पाणी दिल्याची नोंद छापली. तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण अमेरिकन डॉक्टरांनी रीतसर चाचणी केली. तोंडाने पाणी दिलं तर सलाईनची गरज ८० टक्क्यांनी कमी होते, असं त्यांना दिसलं. तरीही हे काम प्रशिक्षित माणसांनी, दवाखान्यात, मोजमाप ठेवूनच करायचं, असंच डॉक्टरमंडळींचं मत राहिलं.

ते मत मोडलं बनगावात. १९७१ च्या युद्धात पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत कॉलरा पसरला. डॉ. दिलीप महालनबीस जूनमध्ये सीमेजवळच्या बनगावच्या रुग्णालयात पोचले, तेव्हा रोगी जमिनीवर पडलेले होते. जमिनीवर सगळीकडे उलट्या आणि जुलाब, आणि सलाईन लावायचं तर त्यातच गुडघे टेकून बसायचं. सलाईनचा साठा दोन आठवड्यांत संपत आला. मग कलकत्त्यात त्यांच्या सहकाऱ्यांनी पुड्या बांधायला घेतल्या: लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. प्लास्टिकच्या पिशव्या, तोंड तापलेल्या इस्त्रीने बंद केलेलं. बनगावात ते पिंपात कालवायचं आणि पेल्याने वाटायचं. पाजणारे होते आई, बाप, भाऊ, शेजारी. आधी शंभरातले तीसपर्यंत रुग्ण दगावत होते. महालनबीसांच्या देखरेखीखालच्या ३,७०० हून अधिक रुग्णांमध्ये ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं.

यात मला सगळ्यांत मोलाची वाटते ती एक लहानशी गोष्ट. लोक सलाईन मागत होते. बाटली लटकली की उपचार सुरू झाला, एवढं त्यांना कळत होतं. पेल्यातलं पाणी हा त्यांच्या लेखी उपचार नव्हता. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, हे 'ओरल सलाईन' आहे, तोंडाने प्यायचं सलाईन. नवा शब्द शिकवायला त्यांना वेळ नव्हता. लोकांचा ज्या शब्दावर आधीच विश्वास होता, त्यालाच त्यांनी आपली वस्तू जोडली. मीठ-साखरेचं हे प्रमाण पुढे बांगलादेशच्या गुप्त रेडिओ केंद्रावरूनही सांगितलं गेलं. १९७८ मध्ये 'लॅन्सेट'ने ग्लुकोज आणि क्षार जोडीने शोषले जातात या शोधाला शतकातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. महालनबीस २०२२ मध्ये वारले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर, २०२३ मध्ये मिळालं.

पण बनगावात समोर डॉक्टर होता. जिथे तो नाही तिथे काय करायचं, याचं उत्तर फझले हसन आबेद यांच्या 'ब्रॅक' या संस्थेने शोधलं. बांगलादेशातल्या सुल्ला भागात १९७९ मध्ये आधी आजमावून पाहिलं आणि १९८० ते १९९० या दहा वर्षांत संस्थेच्या महिला कार्यकर्त्या सव्वा कोटीच्या आसपास घरांत गेल्या. पुड्या इतक्या घरांना पुरणार नव्हत्या, म्हणून घरात असलेल्याच वस्तू घेतल्या: तीन बोटांच्या चिमटीत मावेल इतकं मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. 'लोबोन-गूड', म्हणजे मीठ-गूळ.

ऐकायला सोपं, पण यातल्या प्रत्येक शब्दावर काम करावं लागलं. चिमूट म्हणजे किती? दोन बोटांची आणि तीन बोटांची यांत मोठा फरक पडतो, आणि मीठ जास्त झालं तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. अर्धा शेर म्हणजे कुठवर? प्रत्येक घरातलं भांडं वेगळं. म्हणून कार्यकर्ती त्या घरातल्याच भांड्यावर खूण करून द्यायची. आधी ती करून दाखवायची, मग आईला स्वतः करायला लावायची आणि चाखायला सांगायची. जगभर या पाण्याची एक खूण सांगितली जाते: चव डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट नको. याहून चांगलं मोजमाप मला माहीत नाही. घरात काटा नसेल, चमचाही नसेल, पण अश्रूंची चव प्रत्येक आईला ठाऊक असते.

सुरुवातीला दहा मुद्दे ठरले होते, तेवढेच शिकवायचे. काही आठवड्यांनी दुसरा माणूस जाऊन निवडक घरांत विचारायचा: काय आठवतंय? करून दाखवा. केलेल्या पाण्याचा नमुना तपासायला जायचा. कार्यकर्तीचा पगार यावर ठरायचा. आईला सगळं नीट आलं तर जास्त पैसे, थोडं आलं तर कमी, आणि काहीच आलं नाही तर त्या घराचे पैसेच नाहीत. किती घरं फिरली, किती पत्रकं वाटली, याला किंमत नव्हती. आपल्याकडच्या कुठल्याही जनजागृती मोहिमेचा अहवाल उघडा, त्यात वाटलेली पत्रकंच मोजलेली असतात. म्हणून ब्रॅकची ही रीत मला अजून नवी वाटते.

तरी पहिल्या फेरीनंतर आढळलं ते निराश करणारं होतं. बायकांना कृती पाठ होती, करून दाखवता येत होती, पण मूल आजारी पडल्यावर फारच थोड्या ते पाणी देत होत्या. शोध घेतल्यावर दोन कारणं निघाली. शिकवणाऱ्यांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. आणि घरातल्या पुरुषांशी कुणी बोललंच नव्हतं, त्यामुळे त्यांनी ते मोडीत काढलं होतं. मग कार्यकर्त्यांना संशोधनकेंद्रात नेऊन आतड्यात काय होतं ते समजावलं. पुरुषांच्या बैठका घेतल्या, बाजारात आणि मशिदीत बोलणं झालं, रेडिओ आणि टीव्हीही वापरला. वापर वाढला तो त्यानंतर.

आपल्याकडे या पाण्याला नाव मिळालं 'जलसंजीवनी'. नाव सुरेख आहे. शुक्राचार्यांची संजीवनी विद्या ज्या घरात माहीत आहे तिथे ते लगेच समजतं. पण त्या नावात मीठ नाही, साखर नाही, प्रमाण तर नाहीच. घरच्या कृतीत आपण सांगतो: एक ग्लास पाणी, एक चहाचा चमचा साखर, चिमूटभर मीठ. भाताची पेज, ताक, डाळीचं पाणी हेही चालतं, आणि अंगावरचं दूध बंद करायचं नाही. धोक्याची खूणही आपल्या घरातच होती. बाळाची टाळू खोल गेली की आजी हळहळते आणि तेल थापते. ती खोल टाळू म्हणजेच अंगातलं पाणी आटल्याचं लक्षण. आजीने ते डॉक्टरच्या आधी ओळखलेलं असतं. पुढे काय करायचं तेवढं कुणी तिला सांगायला हवं.

२००५ नंतर आशा कार्यकर्त्या आल्या आणि त्यांच्या पिशवीत ओआरएसची पुडी आली. २०१४ पासून अतिसार नियंत्रण पंधरवडा सुरू झाला, पाच वर्षांखालची मुलं असलेल्या घरांत पुड्या आधीच पोचवायच्या म्हणून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ मध्ये जुलाब झालेल्या मुलांपैकी २६ टक्क्यांना ओआरएस मिळालं होतं, २०१५-१६ मध्ये ५१ टक्क्यांना, २०१९-२१ मध्ये ६१ टक्क्यांना. म्हणजे तेव्हाही दहातल्या चौघांना ते मिळत नव्हतं.

का मिळत नाही, यावर २०२४ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास आला, बिहार आणि कर्नाटकातल्या दोन हजारांहून अधिक खासगी डॉक्टर व औषध देणाऱ्यांवर केलेला. ओआरएस लिहून न देण्याचं सगळ्यांत मोठं कारण पुडीचा तुटवडा निघालं नाही, जास्त नफ्याची औषधं खपवण्याची इच्छाही निघालं नाही. डॉक्टरांना वाटत होतं की पेशंटला ते नको असतं. पेशंट "मला ओआरएस चालेल" म्हणाला तर ते जास्त वेळा मिळत होतं. आपल्याकडे हे बोलणं कुणी ऐकलेलं नाही? "काय औषध दिलं?" "पाणी प्यायला सांगितलं नुसतं." "बाटली नाही लावली?" डॉक्टरांच्या कानावर हेच वर्षानुवर्षं पडलंय. बनगावात जो गैरसमज 'ओरल सलाईन' या दोन शब्दांनी सोडवला, तो आपल्याकडे अजून उभा आहे.

मधल्या काळात औषधही बदललं. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणि युनिसेफने मीठ आणि ग्लुकोज दोन्ही कमी केले: आता लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ, साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज. २००४ पासून सोबत दहा ते चौदा दिवस झिंक देण्याची शिफारस आली. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी गोळी चालूच ठेवायची, हे समजावणं आणखी एक काम.

आणि मोजमापाचा जुना घोळ नव्या रूपात परत आला आहे. बाजारात एक लिटर पाण्यासाठीची मोठी पुडी मिळते आणि २०० मिलीसाठीची छोटीही. मोठी पुडी ग्लासात कालवली तर पाणी पाचपट खारट. छोटी लिटरमध्ये कालवली तर जवळपास साधंच पाणी. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या, हेही घरोघरी चालतं, आणि त्यात क्षार सारखे वाटले जातातच असं नाही.

हे लिहिताना माझ्यासमोर मेडिकलमधून आणलेली एक पुडी आहे, लिटरची. पुढच्या बाजूला संत्र्याचं चित्र आहे. 'एक लिटर' हे मागच्या बाजूला, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. शेजारच्या घरात दीड वर्षाच्या मुलीला सकाळपासून जुलाब होताहेत, तिच्यासाठी ती आणली. तिच्या आजीला वाचता येत नाही, पण लिटरभर पाण्याची रिकामी बाटली आता प्रत्येक घरात असते. मी बाटली आणि पुडी रबराने एकत्र बांधली आणि आजीला म्हटलं, या बाटलीभर पाण्यात ही सगळी पुडी. कालवलं की आधी चाखा, मग वाटी-चमच्याने थोडं थोडं पाजत राहा, आणि उरलं तर उद्या सकाळी ओतून द्या. मग मी त्यांनाच विचारलं, काय करायचं सांगा बरं. पहिल्या वेळी चाखायचं राहिलं. दुसऱ्या वेळी सगळं बरोबर आलं.