फाडलेले पहिले पान

मराठी पुस्तकावर लेखकाची सही आली ती मुळात वाचकावरच्या मायेने नव्हे, चोराच्या धास्तीने. ग्रंथस्वामित्वाचा कायदा आपल्याकडे १८४७ साली झाला, छापलेल्या पुस्तकांची नोंदणी १८६७ च्या कायद्याने लागू झाली. तरी पुस्तक परस्पर छापून विकणारे होतेच. म्हणून जुन्या काही पुस्तकांत ग्रंथकर्त्याची सही किंवा शिक्का असे आणि तो नसलेली प्रत चोरीची समजावी, अशी तंबीही छापलेली असे. मराठी कादंबरीचा आरंभ ‘यमुनापर्यटन’पासून, म्हणजे १८५७ पासून मानतात. ती या वातावरणातच वाढली.

हरि नारायण आपट्यांपाशी आले की सहीच्या पहिल्या आवृत्त्या जमवणाऱ्या संग्राहकाची पंचाईत होते. ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येत होती. वाचकांच्या हाती आधी अंक पडले, पुस्तक नंतर. मग पहिली आवृत्ती म्हणायचे कशाला? आणि साप्ताहिकाच्या अंकावर सही मागणार कोण?

पुढे सहीची जागा ‘सप्रेम भेट’ने घेतली. लेखकाला प्रकाशकाकडून मोजक्या प्रती मिळत. त्या स्नेही, गुरुजन, संपादक यांच्याकडे जात. समीक्षकाला जाई तिच्यावर ‘अभिप्रायार्थ’ लिहिलेले असे (अभिप्राय आला नाही तरी प्रत परत मागायची सोय नाही). इंग्रजी पुस्तकांच्या बाजारात अनोळखी माणसाच्या नावाने लिहिलेली प्रत नुसत्या सहीच्या प्रतीपेक्षा सहसा स्वस्त असते. नाव दुसऱ्या मोठ्या लेखकाचे निघाले, तर भाव कुठल्या कुठे जातो. मला स्वतःला अनोळखी नावेच आवडतात. कोणा मास्तरांना, कोणा वहिनींना दिलेल्या कादंबरीतून त्या काळची ओळखपाळख कळते.

ठाण्यात या भेटप्रतींना हक्काचे घर होते. वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने १ जून १८९३ रोजी मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. पुढे साहित्य संमेलनेही झाली: १९६० मध्ये रा. श्री. जोग, १९८८ मध्ये वसंत कानेटकर आणि २०१० मध्ये उत्तम कांबळे अध्यक्ष. संमेलनाच्या गर्दीतली सही मात्र वेगळी. रांगेत उभे राहून घेतलेली, नाव असले तर घाईत विचारून घातलेले.

इतकी पुस्तके वाटली गेली, तर सहीच्या प्रती दुर्मिळ का? वाळवी आणि कसर आहेतच. वाचनालयात नवी बांधणी करताना वेष्टन जाते, कडा कापल्या जातात, कधी पुढचे कोरे पानही जाते. पण माझ्या मते खरे कारण संकोच. भेट मिळालेले पुस्तक रद्दीत टाकताना आपले नाव कोणाच्या, विशेषतः लेखकाच्याच, नजरेस पडू नये म्हणून घरचे लोक ते पान आधी फाडतात. ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्या, तसे माळे रिकामे झाले. कपाट नव्या फ्लॅटमध्ये मावत नाही आणि आजोबांची पुस्तके किलोवर जातात. गोणीतून एखादी पहिली आवृत्ती निघते, पण पहिले पान नसलेली.

पान शाबूत असले की संशय सुरू. अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ १९५९ ची, अण्णा भाऊ गेले १९६९ मध्ये. त्यानंतरच्या आवृत्तीवर त्यांची सही दिसली तर पुस्तक खाली ठेवावे. साने गुरुजींच्या बाबतीत ही सीमा १९५०. पहिल्या आवृत्तीवर नंतर कोणी सही ठोकली असेल, तर या हिशेबाने ती सापडत नाही. तिथे लेखकाचे खात्रीचे पत्र शेजारी ठेवून अक्षर ताडूनच पाहावे लागते.

ठाण्याच्या एका रद्दीवाल्याकडून साठच्या दशकातली एक कादंबरी मी घेतली. आवृत्ती पहिली, पुढचे पान फाडलेले. शाई ओली असतानाच पुस्तक मिटले असावे, कारण पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला ती उलटी उमटली आहे. आरसा धरला की ‘सप्रेम’ वाचता येते, खाली तारखेतला महिनाही. नावावर मात्र वाचनालयाचा जांभळा शिक्का बसला आहे.