सायक्लोमॅटिक जटिलता आणि चाचणीचे नियोजन

सायक्लोमॅटिक जटिलता म्हणजे एखाद्या फंक्शनमधून (प्रोग्रॅममधला एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) जाणारे एकमेकांपासून स्वतंत्र मार्ग किती, हे सांगणारा अंक. टॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये तो मांडला. कोणत्या फंक्शनला निदान किती टेस्ट केस लिहाव्यात आणि हाताशी असलेला वेळ आधी कुठे घालवावा, हे ठरवायला तो उपयोगी पडतो.

फंक्शनचा प्रवाह-आलेख (कोडचे टप्पे बिंदूंनी आणि एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाण्याच्या वाटा कडांनी दाखवणारे चित्र) काढून कडांच्या संख्येतून बिंदूंची संख्या वजा करायची आणि २ मिळवायचे. हाताने मोजताना याहून सोपी रीत आहे : ‘इफ’, लूप असे निर्णय मोजून त्यांत १ मिळवायचा. ‘अँड’, ‘ऑर’ने जोडलेल्या अटी काही टूल्स वेगळ्या मोजतात, काही मोजत नाहीत, म्हणून दोन टूल्सचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

समजा, बसचे भाडे काढणारे एक फंक्शन आहे. वय ५ पेक्षा कमी असेल तर भाडे शून्य आणि काम तिथेच संपले. नाहीतर, आरक्षण असल्यास त्याचे शुल्क मिळवायचे; मग वय १२ पेक्षा कमी असल्यास भाडे अर्धे करायचे. निर्णय ३, म्हणून जटिलता ४. प्रत्यक्षात एकूण मार्ग ५ आहेत; त्यांतले एकमेकांपासून स्वतंत्र ४. ३ वर्षांचे मूल, आरक्षणाविना ८ वर्षांचा मुलगा आणि आरक्षणासह ३० वर्षांची बाई, एवढ्या ३ टेस्टमध्ये प्रत्येक फांदी चालून होते आणि सगळे उत्तीर्ण दिसते. पण आरक्षण शुल्क अर्धे व्हायला नको असेल, तर इथे बग आहे. तो फक्त आरक्षण केलेल्या ८ वर्षांच्या मुलालाच दिसेल.

४ टेस्ट केल्या तरी तो सापडेलच असे नाही. मॅकेब यांच्या पद्धतीत आधी एक मूळ मार्ग निवडतात, मग एकेका वेळी एकच निर्णय उलटवतात. मूळ मार्ग ‘३० वर्षे, आरक्षण नाही’ असा धरला तर बग निसटतो. ‘३० वर्षे, आरक्षण आहे’ असा धरला तर सापडतो. या पद्धतीतली सर्वांत जोखमीची निवड हीच आहे, आणि ती घाईत उरकली जाते याची खंत वाटते. शिवाय मार्ग कळले म्हणून मूल्ये कळत नाहीत. नेमके ५ आणि नेमके १२ वय वेगळे तपासावेच लागते.

एका फंक्शनच्या जटिलतेला मॅकेब यांनी १० ही मर्यादा सुचवली. अमेरिकेच्या मानके व तंत्रज्ञान संस्थेच्या १९९६ च्या अहवालाने ती उचलून धरली, अनुभवी चमूंना १५ पर्यंतही जाता येते असे म्हटले.

नियोजनात नुसता अंक पाहणे पुरत नाही. जटिलता २५ असलेले, पण कित्येक वर्षांत कोणी हात न लावलेले फंक्शन थांबू शकते. १२ चे, पण दर आठवड्याला बदलणारे आधी घ्यावे. म्हणून जटिलतेच्या यादीशेजारी बदलांचा इतिहास ठेवतात. २००७ मध्ये आलेल्या ‘क्रॅप’ या मोजमापात जटिलता आणि टेस्ट कव्हरेज (टेस्टमध्ये कोडचा किती भाग चालून होतो ते प्रमाण) एकत्र धरले जातात : जटिलता १० असून एकही टेस्ट नसेल तर गुण ११०, कव्हरेज पूर्ण असेल तर १०.

या अंकावरचा मोठा आक्षेप असा की कोडच्या ओळी वाढल्या की तोही बहुधा वाढतोच. दुसरे, एकात एक घातलेले ३ ‘इफ’ आणि एकाखाली एक लिहिलेले ३ ‘इफ’ त्याला सारखेच; वाचणाऱ्याला मात्र पहिले फार जड जातात.