नमुने पाठवण्याआधी: भ्रूणातल्या पेशीप्रकारांची जनुकं ताडून बघताना

भ्रूणातल्या साऱ्या पेशी एकाच फलित अंड्यातून आलेल्या, डीएनएही जवळपास सारखाच. तरी एक पेशी स्नायूची होते, दुसरी मेंदूची. कुठली जनुकं चालू आहेत आणि किती जोरात, यावर ते ठरतं. आम्ही पेशींतला आरएनए (चालू जनुकांची पेशीत बनणारी नक्कल) मोजून हा फरक शोधून देतो. घोळ होतो तो बहुतेक वेळा नमुना आमच्याकडे पोहोचण्याआधीच.

फोनवर पहिला प्रश्न येतो, "पेशी किती लागतील?" आम्ही उलट विचारतो, "भ्रूणांच्या बॅच, म्हणजे वेगवेगळ्या वेळी स्वतंत्रपणे गोळा केलेले गट, किती?" एका बॅचमधून १०,००० पेशी निघाल्या तरी सांख्यिकीच्या हिशेबी तो एकच नमुना. एकाच नळीत, एकाच हातानं, एकाच दिवशी सुट्या केलेल्या त्या पेशी. त्यातली प्रत्येक स्वतंत्र धरली, की पी-मूल्यं (खरा फरक नसतानाही इतका फरक योगायोगानं दिसण्याची शक्यता) भलतीच लहान येतात आणि ढीगभर जनुकं उगाच 'वेगळी' ठरतात. म्हणून आम्ही प्रत्येक बॅचमधल्या एका प्रकारच्या पेशींच्या मोजणीची आधी बेरीज करतो, मग बॅचची बॅचशी तुलना. किमान तीन स्वतंत्र बॅच हव्यात. एका बॅचच्या तीन नळ्या म्हणजे तीन बॅच नव्हेत (हे दर वेळी सांगावं लागतं).

भ्रूणाचं वय नीट लिहा. झेब्राफिशचं (प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या माशाचं) भ्रूण २८.५ अंशाला सहाव्या तासाला गॅस्ट्रुला (पेशी सरकून थर बनायला लागतात ती अवस्था) असतं आणि दहाव्या तासाला त्याला शेपटीचा कोंब दिसतो. पाणी थंड असेल तर तेच भ्रूण मागे रेंगाळतं. त्यामुळे नुसते तास नकोत, सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेली अवस्थाही कळवा. एक पेशीप्रकार लहान भ्रूणांतून आणि दुसरा मोठ्या भ्रूणांतून घेतला, तर निकालात दिसलेला फरक पेशीचा की वयाचा, हे आम्हालाही सांगता येणार नाही.

पेशी सुट्या करताना ३७ अंशाला एन्झाइममध्ये (पेशींमधली जोडणी तोडणाऱ्या द्रवात) जास्त वेळ ठेवल्या, की त्या घाबरतात. फॉस, जून आणि हीट शॉक प्रथिनांची जनुकं, म्हणजे ताण आला की चालू होणारी, निकालाच्या यादीत वर येऊन बसतात. ती बहुधा तुमच्या टेबलावरची गडबड असते, भ्रूणाचा स्वभाव नव्हे. थंडीत चालणारं एन्झाइम मिळालं तर तेच वापरा.

२०,००० जनुकं तपासली आणि खरा फरक एकातही नसला, तरी ०.०५ च्या कसोटीवर सुमारे १,००० योगायोगानं पास होतात. त्यामुळे निकालात या योगायोगाचा हिशेब धरून दुरुस्त केलेलीच पी-मूल्यं देतो, सोबत मूळ मोजणीचा तक्ता. यादीतली वरची चार-पाच जनुकं इन सिटू (जनुक जिथे चालू आहे तिथे रंग उमटवणारी पद्धत) करून अखंड भ्रूणात बघून घ्या. रंग अपेक्षित जागी उमटला नाही, तर यादी घेऊन आम्हाला फोन करा.