जमीन वर आली आणि तळं कललं: फिनलंडमधलं पूमाला

फिनलंडच्या आग्नेयेला सायमा नावाचं प्रचंड तळं आहे, 4,400 चौरस किलोमीटरच्या आसपास, देशातलं सगळ्यात मोठं, आणि त्याच्या पाण्यातच पसरलेली पूमाला ही ग्रामीण पालिका. वस्ती जेमतेम 2,000 ची, सुट्टीत येऊन राहायची घरं माणसांपेक्षा जास्त, आणि किनारा तब्बल 3,000 किलोमीटरच्या वर! नकाशा उघडून बघाच, जमीन कुठं संपते तेच कळत नाही, नुसती बेटं आणि चिंचोळ्या पाणवाटा.

हे सगळं बर्फाचं काम. हिमयुगात जाडजूड बर्फाने खडक खरवडला आणि जमीन खाली दाबली, आणि वितळता वितळता सुमारे 12,000 वर्षांपूर्वी दक्षिणेला वाळू-गोट्यांचा लांबच लांब बांध टाकून गेला, त्याला सालपाउसेल्का म्हणतात. ओझं उतरल्यावर बोटाने दाबलेली कणीक वर यावी तशी जमीन वर यायला लागली, पण सगळीकडे सारखी नाही, वायव्येला जास्त वेगाने. परातीत पाणी घेऊन एक बाजू उचला, काय होईल? तेच झालं. आधी वायव्येकडून समुद्राला जाणारं पाणी दक्षिणेला साचत गेलं, बांधावर चढलं आणि सुमारे 6,000 वर्षांपूर्वी तो फोडून लाडोगा सरोवराकडे धावलं. वुओक्सी नदी जन्मली ती अशी.

मला सगळ्यात भारी वाटतं ते यापुढचं. पूमालात स्युर्यासाल्मीला आणि शेजारच्या आस्तुवानसाल्मीला (साल्मी म्हणजे चिंचोळी पाणवाट) पाण्यालगतच्या कड्यांवर लाल गेरूने काढलेली अश्मयुगातली चित्रं आहेत. एल्क हरणं, माणसं, होड्या. काढणारे होडीतून किंवा गोठलेल्या तळ्यावर उभं राहून काढायचे, पण वुओक्सी वाहायला लागल्यावर तळ्याचं पाणी उतरत गेलं आणि चित्रं वर राहिली, म्हणून चित्र जितकं उंच तितकं साधारण जुनं. म्हणजे कडा हेच कॅलेंडर!

1743 च्या तहानंतर स्वीडन आणि रशियाची सरहद्द इथूनच गेली. पूमालाची पाणवाट स्वीडनकडे, मग रशियन आरमाराने जायचं कुठून? म्हणून 1790 च्या दशकात सेनापती सुवोरोवने तिला वळसा घालणारे चार छोटे कालवे खणून घेतले. आज पूमालाच्या त्या पाणवाटेवर 1995 चा उंच पूल आहे.

आणि सायमाचा सील, नोर्पा! जमीन वर येताना समुद्रापासून तुटून गोड्या पाण्यात अडकला तो कायमचा, जगात दुसरीकडे कुठंच नाही. आता पाचशेच्या आसपास आहेत. मादी पिल्लाला जन्म देते किनाऱ्याच्या बर्फाच्या ढिगातल्या बिळात, आणि हल्ली हिवाळ्यात बर्फच कमी पडतो, पिल्लू उघड्यावर पडतं, थंडीने मरतं किंवा कोल्हा नेतो. म्हणून ज्या वर्षी बर्फ कमी, त्या वर्षी स्वयंसेवक फावडी घेऊन गोठलेल्या तळ्यावर जातात आणि सीलसाठी हाताने बर्फाचे ढीग रचतात, आणि माद्या खरंच त्यात बिळं करतात.